डी.ओ. होताना : काही टिपणं

१
अमेरिकेत पूर्ण डॉक्टर व्हायला दोन पदव्या चालतात: एम.डी. आणि डी.ओ. दोघेही औषधं लिहून देतात, शस्त्रक्रिया करतात, आयसीयू सांभाळतात. तिथल्या दर चार मेडिकल विद्यार्थ्यांमागे साधारण एक ऑस्टिओपॅथिक कॉलेजात, म्हणजे डी.ओ.च्या वाटेवर आहे. इंग्लंडमधला ऑस्टिओपॅथ वेगळा. तो हातांनी उपचार करतो, डॉक्टर नसतो. भारतातल्या नातेवाइकांना हा फरक समजावून सांगताना डी.ओ. करणारी आपली मुलं थकून जातात.

२
ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत त्यांचे डॉक्टर होते शॉन कॉन्ली, डी.ओ. नंतर बायडेन यांचे केव्हिन ओ'कॉनर. तेही डी.ओ.

३
१८६४ साली मेनिंजायटिसने अँड्र्यू टेलर स्टिल यांच्या घरातली तीन मुलं गेली. ते स्वतः डॉक्टर होते आणि काहीही करू शकले नाहीत. त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वासच उडाला. हाडं, सांधे, स्नायू यांच्याकडे ते वळले. १८९२ मध्ये मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या छोट्या गावात त्यांनी पहिलं कॉलेज काढलं. पहिल्याच तुकडीत स्त्रिया होत्या.

कॉलेज आजही तिथेच आहे. तिथे आता औषधशास्त्र पूर्ण शिकवतात.

४
ओएमएमची लॅब. हाताने तपासणं आणि हाताने उपचार करणं, पहिल्या दोन वर्षांत मिळून सुमारे दोनशे तास. रांगेने मांडलेली टेबलं, शॉर्ट्समधली मुलंमुली, दोघादोघांच्या जोड्या. एक रुग्ण होतो, दुसरा डॉक्टर, मग अदलाबदल. कोणत्या मणक्यापाशी ताठरपणा आहे, डावीकडे की उजवीकडे, हे बोटांनी चाचपून सांगायचं. मागून शिक्षक येतात आणि त्याच जागी स्वतःचं बोट ठेवून पाहतात.

५
भाची डी.ओ. करते आहे. सुट्टीत घरी आली तेव्हा सरावासाठी मला सतरंजीवर झोपवलं. "मावशी, मान सैल सोड. तू मदत करू नकोस." खांद्यावरचा एक दुखरा बिंदू शोधून दाबला. "हे दुखणं दहापैकी दहा धर." मग मान हळूहळू त्या बाजूला कलवत विचारत राहिली: आता किती? आता? तीनवर आल्यावर थांबली. तसंच धरून ठेवलं, नव्वद सेकंद. शेवटी अगदी सावकाश मान सरळ केली.

दुखणं कमी झालं. दुसऱ्या दिवशी थोडं परत आलं. पण दीड मिनिट एखाद्या डॉक्टरने काही न बोलता माझ्या दुखण्यावर बोट ठेवून थांबणं, हे पहिल्यांदाच घडलं.

६
ताकद कोणती, असं विचारलं की ही मुलं बहुतेक हेच सांगतात: माणसाच्या अंगाला हात लावताना आम्ही बिचकत नाही.

७
वैताग कशाचा, असं विचारलं की एक शब्द येतो: क्रेनियल. कवटीची हाडं सूक्ष्म लयीत हलतात आणि ती लय तरबेज बोटांना कळते, असं विल्यम सदरलँड यांनी १९३९ च्या पुस्तकात मांडलं. दोन परीक्षकांनी एकच डोकं तपासलं तर त्यांची मोजणी जुळत नाही, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. तरी परीक्षेत प्रश्न येतो आणि पाठ केलेलं उत्तर द्यावं लागतं.

८
१९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कंबरदुखीवरचा एक अभ्यास आला. हाताने केलेल्या उपचारांनी नेहमीच्या उपचारांइतकाच आराम पडला आणि औषधं कमी लागली.

सातवं आणि आठवं टिपण एकाच विषयाच्या अभ्यासक्रमात शेजारी शेजारी बसतात. आठवं ठेवावं, सातवं काढावं. बरेच विद्यार्थीही हेच म्हणतात, पण त्यांच्या हाती अभ्यासक्रम नाही.

९
दोनशे तास शिकून पदवी घेतलेले बहुतेक डॉक्टर पुढे ही विद्या क्वचितच वापरतात. कारण साधं आहे: एका रुग्णामागे पंधरा मिनिटं मिळतात.

१०
डी.ओ.ची परीक्षा कॉम्लेक्स, एम.डी.ची यूएसएमएलई. परवान्यासाठी कॉम्लेक्स पुरते. पण रेसिडेन्सीच्या जागा देणाऱ्या अनेकांना यूएसएमएलईचे गुण वाचायची सवय आहे, म्हणून बरीच मुलं दोन्ही देतात. दोन्ही दिवसभराच्या, दोन्हींची फी वेगळी, तयारीची पुस्तकंही वेगळी. तक्रारींत हीच सगळ्यांत रास्त.

११
कॉम्लेक्सचा एक प्रात्यक्षिक भाग होता. उभ्या देशात त्याची दोनच केंद्रं: एक शिकागोत, एक फिलाडेल्फियाजवळ. विमान, हॉटेल, हजारावर डॉलर फी. विद्यार्थी वर्षानुवर्षं विरोध करत होते. कोविडमध्ये ती परीक्षा थांबली, नंतर कायमची बंद झाली.

१२
आपल्याकडे मेडिकल कॉलेज म्हटलं की रुग्णालय आलंच. बी.जे.ला ससून, जी.एस.ला केईएम, ग्रँटला जे.जे. बहुसंख्य डी.ओ. कॉलेजांना स्वतःचं रुग्णालय नसतं. तिसऱ्या वर्षी मुलं दूरदूरच्या रुग्णालयांत पांगतात. कोण कुठे जाणार, हे पुष्कळ ठिकाणी सोडतीवर ठरतं.

१३
त्याच गोष्टीची दुसरी बाजू. छोट्या गावातल्या रुग्णालयात रेसिडेंट नसतात. बाळंतपणात डॉक्टरच्या शेजारी विद्यार्थीच उभा असतो. ऑपरेशनमध्ये दुसरे हात त्याचेच. मोठ्या रुग्णालयात त्याच्या पुढे तिघे चौघे उभे असतात.

१४
आणि तिसरी. रेसिडेंटच नसले तर रेसिडेंट कसा वागतो, रात्रपाळीत वॉर्ड कसा सांभाळतो, हे शिकवणार कोण? संशोधनाचं कामही अशा ठिकाणी मिळत नाही. त्वचारोग किंवा न्यूरोसर्जरीच्या मोजक्या जागांसाठी स्पर्धा करताना हीच उणीव नडते.

१५
पाइकव्हिल, केंटकी: कोळशाच्या खाणींचा डोंगराळ मुलूख, १९९७ पासून डी.ओ. कॉलेज.
हार्लेम, न्यूयॉर्क: अपोलो थिएटरच्या समोर, २००७ पासून.
टालेक्वा, ओक्लाहोमा: चेरोकी नेशनच्या भूमीवर, २०२० पासून. आदिवासी राष्ट्राशी जोडलेलं अमेरिकेतलं पहिलं मेडिकल कॉलेज. पहिली तुकडी २०२४ मध्ये बाहेर पडली.

डॉक्टर जिथे जायला तयार नसतात, तिथे जाऊन कॉलेज काढायचं. या परंपरेची मोठी ताकद मला इथे दिसते.

१६
वर्गात तिशीतली माणसं भेटतात. आधी नर्स, सैनिक, शिक्षक, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी. पहिल्या प्रयत्नात गुण कमी पडलेलेही असतात. इथे आपला अर्ज शेवटच्या पानापर्यंत वाचला जातो, असं ते सांगतात.

१७
बरीच कॉलेजं खाजगी. नुसती फी वर्षाला साठ हजार डॉलरच्या आसपास. टेक्सस राज्याच्या एका कॉलेजात, राज्याचा रहिवासी असाल तर, याच्या एक तृतीयांशाहून कमी. पदवी तीच.

१८
१९६२, कॅलिफोर्निया. पासष्ट डॉलर भरा, एम.डी.चं प्रमाणपत्र न्या. सुमारे दोन हजार डी.ओ. डॉक्टरांनी ते घेतलं. एका दिवसात त्यांच्या ज्ञानात काही भर पडली नव्हती.

१९
२०२४ चा रेसिडेन्सी मॅच, म्हणजे जागांचं वाटप. शेवटच्या वर्षाच्या एम.डी. विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली, डी.ओ.पैकी ९२.३ टक्क्यांना. परदेशात शिकलेल्या, अमेरिकन नागरिक नसलेल्या डॉक्टरांपैकी ५८.५ टक्क्यांना.

२०
न्यू यॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या डी.ओ. कॉलेजात परदेशी डॉक्टरांसाठी खास अभ्यासक्रम आहे. स्वतःच्या देशात वर्षानुवर्षं रुग्ण तपासलेले लोक तिथे पुन्हा विद्यार्थी होतात.

२१
न्यू जर्सीतल्या मराठी घरात बारावीच्या वयाचं मूल असलं की डी.ओ.चा विषय निघतोच, आणि निघाला की आवाज थोडा खाली येतो. मुलांच्या हे लक्षात येतं. सोळा सोळा तास अभ्यास करणाऱ्या मुलीला स्वतःच्याच घरात आपली पदवी दबक्या आवाजात ऐकावी लागू नये.

२२
पदवीच्या अक्षरांची चौकशी पुरे झाली. कॉलेज निवडताना आईबाबांनी आणि मुलांनी तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या वर्षी मुलं कोणत्या रुग्णालयांत जातात, आणि तिथे रेसिडेंट आहेत का? प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतात? गेल्या वर्षीच्या तुकडीला कोणत्या शाखांत जागा मिळाल्या? ही उत्तरं माहितीपत्रकात शोधू नका. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फोन करा. वेळ नसतो त्यांना, पण बोलतात, आणि खरं बोलतात.