तीस चिन्हांतला विमा

गूगलच्या शोधपानावरच्या जाहिरातीत मथळ्याला 30 चिन्हं मिळतात, वर्णनाला 90. देवनागरीत काना-मात्राही मोजल्या जातात, म्हणजे जागा आणखी आखडते. इंदूरच्या विजयनगरात बसून मी परदेशी भागीदार असलेल्या एका विमा कंपनीच्या मोहिमा चालवते, आणि एवढ्याशा जागेत काय सांगायचं हाच माझा रोजचा प्रश्न असतो.

19 जानेवारी 1956 ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं, तेव्हा देशात 16 परदेशी कंपन्या हा धंदा करत होत्या. त्या गेल्या. 2000 नंतर परदेशी भांडवल परत आलं: आधी 26 टक्के, 2015 पासून 49, 2021 मध्ये मर्यादा 74 टक्क्यांवर गेली. 1956 ते 2000 या मधल्या काळात इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांत विमा म्हणजे ओळखीचा एलआयसी एजंट. काका तंबाखू खातात, काकूंना शुगर आहे, हे त्याला विचारावं लागत नसे. माझ्या जाहिरातीला यातलं काहीच ठाऊक नसतं, म्हणून विचारायचं काम तिनंच करायला हवं.

‘एक कोटीचं कवच’ म्हणून जो सर्वांत कमी हप्ता झळकतो, तो साधारणपणे विशीतल्या, तंबाखूला न शिवणाऱ्या माणसाचा असतो. बघणारा पंचेचाळिशीचा असतो, खिशात गुटखा असतो. मी हप्त्याशेजारीच वय आणि तंबाखू लिहिते. क्लिक कमी होतात, लीडमागचा, म्हणजे एकेका इच्छुक ग्राहकामागचा, खर्च वाढतो. पण येणारा माणूस खरा असतो.

आणखी एक रीत मला मुळीच मान्य नाही. ‘क्लेम’, ‘तक्रार’ हे शब्द निगेटिव्ह कीवर्डच्या यादीत टाकतात, म्हणजे ते शोधणाऱ्याला जाहिरात दिसतच नाही; कारण अशा शोधातून नवा ग्राहक मिळत नाही, पैसे वाया जातात. पण दवाखान्याच्या काउंटरवर उभा राहून क्लेमची माहिती शोधणारा माणूस हाच तर विम्याचा खरा ग्राहक! त्याच्यासाठी थेट दाव्याच्या पानावर नेणारी वेगळी जाहिरात हवी, आणि तिचं बजेट मी प्रत्येक मोहिमेत मागून घेते.

आरोग्य विम्यात जुन्या आजाराचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त 3 वर्षांचा आहे. हेही वर्णनाच्या 90 चिन्हांत बसतं; मी बसवून पाहिलंय.

जाहिरात पाहून पॉलिसी घेतलीत, तर फॉर्ममध्ये शुगर, बीपी, तंबाखू, काहीही लपवू नका. कागद हाती आल्यावर अटी वाचा. नाही पटल्या, तर 30 दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते.