आम्ही शोधलेले बेट

मे महिना उजाडला की आमच्या घरात तीन तट पडतात. मुलांना समुद्र हवा असतो, सौभाग्यवतींना डोंगर हवा असतो आणि मला माझी आरामखुर्ची. यंदा तोडगा काढला तो आमच्या धाकट्या कन्येने. बेटावर अडकलेल्या मुलांची कुठलीशी गोष्ट तिने नुकतीच वाचून संपवली होती. तिने जाहीर केले, "आपण बेट शोधायला जाऊ. आम्हाला पाणी मिळेल, आईला डोंगर मिळेल आणि बाबांना हिंडायला नको. बेटावरून जाणार कुठे?"

या बिनतोड युक्तिवादापुढे माझे काय चालणार? महाबळेश्वरचा घाट उतरून आम्ही तापोळ्याला येऊन दाखल झालो.

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना वास्तविक दक्षिणेकडे वाहत जाते, मग पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेच्या गळ्यात पडते. पण हेळवाकजवळ तिला १०३ मीटर उंचीच्या धरणाने अडवले आणि मागे पन्नास किलोमीटरहून लांब असा गोड्या पाण्याचा शिवसागर पसरला. तापोळा आहे या जलाशयाच्या वरच्या टोकाला. उन्हाळ्यात पाणी उतरले की कडेच्या टेकड्या तांबड्या-करड्या पायऱ्यांसारख्या उघड्या पडतात आणि मधूनच एखादे टेकाड बेटासारखे डोके वर काढते.

असेच एक टेकाड चिरंजीवांनी दुरून हेरले. आमचा नावाडी सत्तरी ओलांडलेला, काटक म्हातारा होता. मुले त्याला पहिल्या पाच मिनिटांतच 'आजोबा' म्हणू लागली होती.

"तिथं काय न्हाई बघायला," तो म्हणाला.

"म्हणूनच तर जायचंय!" कन्या म्हणाली. म्हातारा हसला आणि त्याने होडी वळवली.

बेटावर पाऊल ठेवताच आमच्या घरात क्रांती झाली. चिरंजीव सेनापती झाले. सौभाग्यवतींचा पंचा काठीला बांधून निशाण झाले. मला दशम्यांच्या डब्याचा रखवालदार नेमण्यात आले आणि मी ते पद आनंदाने स्वीकारले. कन्येने वहीत नकाशा काढायला घेतला आणि बेटाला स्वतःचे नाव देऊन टाकले. पंधरा मिनिटांत आम्ही त्या जमिनीचे मालक झालो होतो.

उताराच्या बाजूला, पाणी ओसरून चिखलाला भेगा पडल्या होत्या तिथून, एकदम ओरड झाली, "खजिना! खजिना!"

मी डबा सोडून धावलो. चिखलात घडीव दगडांची एक सरळ रांग होती. तिच्या टोकाशी दोन पायऱ्या. आणि कन्येच्या हातात, मध्ये भोक असलेला, अर्धा फुटलेला गोल दगड. जात्याची तळी. माझ्या आजीकडे अगदी तसेच जाते होते.

"हा मी घरी नेणार," कन्या म्हणाली.

आजोबा मागून सावकाश आले. त्यांनी तो दगड हातात घेतला, अंगठ्याने पुसला, उलटा करून पाहिला.

"आमच्या आयचं आसंल," ते म्हणाले. "न्हाईतर शेजारच्या घरचं. आता कसं कळायचं?"

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग सेनापतींनी हळूच विचारले, "आजोबा, इथं तुमचं घर होतं?"

"ही वरची आळी. गाव खाली." त्यांनी पाण्याकडे बोट दाखवले. आम्हाला तिथे फक्त पाणीच दिसत होते. "पाणी आलं तवा मी धा वर्साचा हुतो. आमाला जमीन दिली सोलापुराकडं. आयला ती हवा मानवली न्हाई. डोंगर न्हाई, झरा न्हाई. दोन वर्सांनी परत आलो आन् वर रानात ऱ्हायलो. पाणी लगेच आलं, सायेब. दिवा लई मागनं आला."

सांगण्यात रडगाणे नव्हते. बाजारभाव सांगावा तसे सांगितले. पण मला मात्र माझे बालपण आठवू लागले. कोयना म्हणजे महाराष्ट्राची भाग्यरेषा, हे मी शाळेत मोठ्या अभिमानाने निबंधात लिहिले होते. १९६२ साली तिथे वीज तयार होऊ लागली. सह्याद्रीच्या पोटातून पाणी पश्चिमेला पोफळीकडे सोडायचे, त्या उंचीवरून ते कोसळले की चक्रे फिरणार. केवढी नवलाईची गोष्ट! ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते, एरवी ते बंगालच्या उपसागराला गेले असते. जलाशयात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते, हा आकडाही मला पाठ होता. त्या पाण्याखाली कोणाची तरी वरची आळी आहे, हे मात्र कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. निबंधाला दहापैकी आठ गुण मिळाले होते.

ती वीज खोटी नव्हती. तिच्यावर गिरण्या चालल्या, माझ्यासारख्या कित्येक पोरांचे अभ्यास झाले. त्याबद्दल खंत करायला मी तयार नाही. पण बिल भरले म्हणजे सगळे चुकते झाले, असे जे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो, त्याला त्या चिखलात तडा गेला.

कन्येने आजोबांच्या हातातला दगड घेतला आणि होता त्या जागी नीट ठेवला. मग म्हणाली, "या टेकडीला नाव आहे का हो?"

"हाय की. आमी वरची आळीच म्हनायचो."

दशम्या आम्ही पाच जणांनी वाटून खाल्ल्या. लसणीची चटणी आजोबांना आवडली. सौभाग्यवतींनी उरलेली सगळी त्यांना बांधून दिली. परतताना निशाण कोणी फडकवले नाही. तो पंचा पुन्हा पंचा झाला होता.

तो नकाशा आता आमच्या दिवाणखान्यात लावला आहे. कन्येने आपले नाव खोडले आहे आणि खाली ठळक अक्षरांत 'वरची आळी' असे लिहिले आहे. दिवाळीसाठी परवा विजेची माळ लावत असताना तिने ती नेमकी त्या नकाशाभोवती सोडली. सौभाग्यवती म्हणाल्या, "अगं, माळ दारावर लावतात."

"हेही दारच आहे," ती म्हणाली, "आजोबांच्या घराचं."

मी बटण दाबले.