आत्याचं कुत्रं

परवा फास्ट लोकल धडधडत गेली आणि फळीच्या कडेशी सरकलेलं काचेचं मांजर खाली आलं. कळव्यात रुळांलगत घर, त्यामुळे थरथर आम्हाला नवी नाही. तुकडे वेचून ओलं फडकं फिरवलं, तर ते निळं झालं. दौतीच्या तळाशी सुकलेली कुणाची तरी शाई पाणी लागताच जागी झाली होती. वास आंबूस, लोखंडी. लगेच आत्याची बोटं आठवली.

ते मांजर म्हणजे फेलिक्स, १९१९ च्या मूकपटातलं. पाठोपाठ १९२२ मध्ये जॉर्ज स्टडी या इंग्रज चित्रकाराचं बाँझो हे गुबगुबीत पिल्लू गाजलं. दोघांची चलतीच अशी, की खेळण्यांपासून दौतींपर्यंत सगळ्यांना त्यांचे चेहरे लागले. चोरबाजारात मला अशी दौत कधी ‘अत्तराची बाटली’ म्हणून दाखवतात, तेव्हा मनापासून राग येतो. तोंड रुंद, बूड जड. टाक बुडवताना कलंडू नये म्हणूनच ना? वस्तू निदान हातात घेऊन तरी बघावी.

आजोबांच्या मेजावर असंच कुत्रं होतं. मुंडकं हेच झाकण. ते उचलून बाजूला ठेवलं की मला बघवत नसे. लिहायचे आजोबा, दौत धुणं, शाई कालवणं मात्र आत्याचं. घोडा छाप पूड यायची. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत काढलेली ही शाई. त्यांचाच पुढे कॅम्लिन झाला. आत्या पूड कोमट पाण्यात विरघळवी, फडक्यातून गाळी, कुत्र्याच्या कानामागचा निळा थर काडीनं खरवडून काढी. तिची शाळा चौथीत सुटली, म्हणजे सोडवली. भावांची पत्रं, पावत्या, लग्नाच्या याद्या, सगळं त्या दौतीतून निघालं. तिला मात्र कुणी टाक दिला नाही.

अमेरिकेत मॅक्स फ्लायशरनं १९१८ पासून एक चित्रपटमालिका केली. त्यात दौतीतून विदूषक बाहेर पडतो, धुमाकूळ घालतो आणि शेवटी पुन्हा दौतीत जातो. लोक हसत असतील. मला ते परत आत जाणं सोसत नाही.

पुण्याच्या केळकर संग्रहालयातही दौती आहेत. दिनकर केळकरांनी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं जमवलेला हा संग्रह १९७५ मध्ये सरकारला देऊन टाकला. त्या माणसाविषयी मला फार माया वाटते. त्या दौतींपुढे उभं राहिलं की ह्या रोज कोण घासत असेल, एवढंच माझ्या मनात येतं.

आजोबा गेले आणि वाटण्या निघाल्या. येणी कुणाकडे किती, ते काकांना कळेना. वही मोडीत, आणि मोडी त्यांना येत नव्हती. आत्या उंबऱ्यात बसून सांगू लागली: नाव, गाव, रक्कम. इतकी वर्षं मेजासमोर शाई कालवताना तिनं उलटी अक्षरं लावत मोडी शिकून घेतली होती. काकांनी बॉलपेननं भराभर उतरवून घेतलं. कुणी विचारलं नाही, तरी तिनं ते कुत्रं मागितलं.

ते धाकट्या काकांच्या वाटणीला गेलं.