आधी वेलांटी, मग अक्षर

दहावीची परीक्षा झाली की टायपिंगचा क्लास लावायचा, हे आमच्या काळी न सांगता ठरलेलं असे. लिपिकाच्या जाहिरातीत मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची अट असायची. मला त्या खडखडाटाचा मनापासून कंटाळा होता. पण मराठी मशीनची एक खोड बोटांत मुरली ती मुरलीच. ‘भ’, ‘थ’, ‘ध’ अखंड मिळत नसत. आधी अर्धं अक्षर, मग काना. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी मारायची. ‘विहीर’ लिहायचं तर ‘व’च्या आधी बोट वेलांटीवर. म्हणजे शब्द डोक्यात पुरता उतरल्याशिवाय हात हलवायची सोय नाही. त्यातून नोकरीत कार्बन लावलेल्या प्रती. चूक झाली तर प्रत्येक प्रत वेगळी खोडायची. साहेबांपेक्षा त्या खोडरबराचा धाक जास्त.

गोदरेजने १९५५मध्ये भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर काढला आणि २००९मध्ये उत्पादन थांबवलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लिलावात कॉर्मॅक मॅकार्थी या कादंबरीकाराचा, पन्नास डॉलरला घेतलेला ऑलिव्हेटी अडीच लाख डॉलरच्या वर गेला. आपल्याकडे मशीनं भंगारात किलोवर जात होती!

संगणकावर सुरुवातीला जुनाच क्रम चालला. पुढे युनिकोड आलं आणि वेलांटी अक्षराच्या मागे गेली, उच्चाराच्या क्रमाने. हे शहाणपणाचंच आहे; तक्रार नाही. तक्रार आहे ती बॅकस्पेसबद्दल. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, नेट बंद करूनही मी पहिला परिच्छेद तासभर घासत बसे. व्हॉट्सॲपला उगाच बोल लावत होतो. खोडणं फुकट झालं होतं, खरी मेख तिथे होती.

निवृत्तीनंतर जुना गोदरेज घेतला. रिबन शोधत फिरावं लागतं, आणि रात्री नऊनंतर घरातले टाइप करू देत नाहीत. मग रात्री शाईचं पेन आणि पाठकोऱ्या कागदांची चळत. चुकलेल्या शब्दावर ‘x’ मारतो आणि पुढे जातो. संपादकांना मेल हवी असते, म्हणून सगळं पुन्हा संगणकावर टाइप करतो. त्या दुसऱ्या टायपिंगमध्ये निम्मी विशेषणं आपोआप गळतात. तीच ती पुन्हा बडवायचा बोटांना कंटाळा येतो.