अर्धवट नोंदीतलं पुरळ

पुण्यात खराडीच्या एका ऑफिसात बसून एक मेडिकल कोडर अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट कोड करते, म्हणजे नोंदीतल्या निदानांना बिलासाठी ठरलेले कोड देते. बीएस्सी, मग मेडिकल कोडिंगची सीपीसी परीक्षा, मग नोकरी. या क्षेत्रातल्या अनेकांची वाट हीच. तिच्या डोक्यातून अजून जात नाही तो एका पाच वर्षांच्या मुलाचा चार्ट.

कान दुखतो म्हणून पेनिसिलिन गटातलं अमॉक्सिसिलिन सुरू होतं. सहाव्या दिवशी छातीवर, पाठीवर लाल, सपाट पुरळ उठलं. खाज नाही, ओठांना सूज नाही, श्वास व्यवस्थित. डॉक्टरांनी निदान लिहिलं, ‘पुरळ, बहुधा औषधामुळे’.

औषधाचं पुरळ असं ठाम लिहिलं असतं, तर आधी एल२७.० आणि त्याला जोडून पेनिसिलिनच्या दुष्परिणामाचा टी३६.०एक्स५ए लागला असता. पण अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५पासून लागू असलेल्या आयसीडी-१०-सीएम या निदान-कोडांच्या पद्धतीचा नियम स्पष्ट आहे: ओपीडीच्या चार्टमधलं संशयित निदान कोड करायचं नाही, लक्षण करायचं. म्हणजे आर२१, नुसतं पुरळ. तिने डॉक्टरांना क्वेरी पाठवली. क्वेरीत उत्तर सुचवायची मुभा नसते. पुरळाचं कारण नोंदवता येईल का, एवढंच तिने विचारलं. उत्तर आलं नाही. मुदत संपत आली, टीम लीडने चार्ट पुढे पाठवायला सांगितला आणि आर२१ गेला.

तिला चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच चार्टच्या ॲलर्जीच्या यादीत त्याच दिवशी ‘पेनिसिलिन’ चढलं होतं. निदान लिहिताना शंका होती, मग यादीत खात्री कुठून आली? कोड त्या बिलापुरता असतो. यादी मुलाबरोबर वर्षानुवर्षं फिरते. अमेरिकेत साधारण १० टक्के रुग्ण पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचं सांगतात. खरी ॲलर्जी एकूण लोकसंख्येत १ टक्क्याहून कमी जणांना असते, असं तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचंच म्हणणं आहे. लहान मुलांत असं पुरळ विषाणूच्या तापानेही येतं. तरी पुढचा प्रत्येक डॉक्टर ती ओळ वाचून दुसरं, बऱ्याचदा महागडं अँटिबायोटिक लिहिणार.

आधी तिला नियमच जाचक वाटायचा. आता वाटतं, तिने अंदाजाने एल२७.० टाकला असता, तर त्या यादीला आणखी एक पुरावा मिळाला असता. तरी आर२१ पाठवल्याचं समाधान तिला नाहीच.

आपल्याकडे बहुतेक वेळा फाइल आपल्याच पिशवीत असते. औषधाने मुलाला पुरळ उठलं असं वाटलं, तर लगेच फोटो काढा. औषधाचं नाव, कितव्या दिवशी उठलं, खाज-सूज होती का, हे डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या. ॲलर्जीचा शिक्का आधीच बसला असेल, तर तपासणी करता येईल का, हे ॲलर्जीतज्ज्ञांना जरूर विचारा.