काट्यांच्या कुशीतील ओक

इंग्लंडच्या दक्षिण भागात, ससेक्स परगण्यात, नेप नावाची एक जुनी जहागीर आहे. तिचा विस्तार सुमारे ३,५०० एकर. कामानिमित्त त्या देशी गेलो असता मे महिन्यात ती पाहण्याचा योग आम्हांस आला.

तेथील जमीन चिकणमातीची. हिवाळ्यात पाय रुतावा आणि उन्हाळ्यात भेगा पडाव्यात अशी. १९८७ साली ती सर चार्ल्स बरेल यांच्याकडे वारसाने आली. यंत्रे, खते, दुभती जनावरे, सर्व उपाय झाले. पण हिशेबाच्या वहीत बहुधा तूटच राहिली. अखेर २००० साली त्यांनी दुभती जनावरे व अवजारे विकली आणि पुढे टप्प्याटप्प्याने नांगर थांबविला. लांब शिंगांची गुरे, तांबूस डुकरे, लहान चणीची घोडी व हरणे मोकळी सोडून पुढचे काम त्यांच्या दातांवर व खुरांवर सोपविले.

आसपासच्या अनेकांना हे रुचले नाही. राखलेली जमीन तणाच्या हवाली करणे त्यांना लाजिरवाणे वाटले. वाचकहो, बांधावरचे काटे न तोडणाऱ्यास आपल्या गावातही आळशीच म्हणतात!

परंतु त्या काट्यांतच आमच्या वाटाड्याने आम्हांस ओकचे एक कोवळे रोप दाखविले. जे नावाचा पक्षी हिवाळ्याच्या बेगमीसाठी ओकची फळे जमिनीत पुरून ठेवतो. त्यांपैकी काही तशीच राहतात व रुजतात. झुडपाच्या आड रुजलेल्या रोपापर्यंत हरणाचे तोंड पोहोचत नाही. पुढे ओक मोठा झाला, की त्याच्याच सावलीत ते झुडूप वाळून जाते. म्हणून तेथील जुने लोक काट्याला ओकची आई म्हणत. आयांची रीत सर्वत्र सारखीच म्हणावयाची!

झुडपांत नाइटिंगेल गात होता. ओकच्या शेंड्यावर पांढरे करकोचे चोच वाजवीत होते. तो आवाज थेट चिपळ्यांसारखा. पोलंडहून आणलेल्या या पक्ष्यांनी २०२० साली येथे पिले काढली. ब्रिटनच्या रानात असे कित्येक शतकांत घडले नव्हते. हाच पक्षी हिवाळ्यात आपल्या देशातही उतरतो.

माणसाने येथे हात झटकले आहेत असे मात्र नव्हे. त्या देशात लांडगे उरलेले नाहीत. म्हणून जनावरांची संख्या माणसालाच मर्यादित ठेवावी लागते. त्यांचे मांस विकले जाते, आणि पाहुण्यांकडूनही जहागिरीस उत्पन्न मिळते.

ज्याचे पोट दोन एकरांवर आहे त्याने नांगर टाकावा, असे आम्ही सांगणार नाही. भाकरी पिकते तेथे ती पिकलीच पाहिजे. पण ओढ्याकाठी किंवा माळाच्या कोपऱ्यात पिकाला दाद न देणारी एखादी पट्टी बहुतेक गावांत असते. तिच्यावर कोयता व काडी चालविण्यापूर्वी क्षणभर वाकावे आणि त्या काट्यांच्या मुळाशी कोण वाढत आहे ते पाहावे.