नवी डिस्क, जुना सातबारा

कॅडीला डिस्क कसली, स्लॉटमध्ये सरकवली, खटका बसला आणि हिरवा दिवा लागला की मागे उभा असलेला गिऱ्हाईक हमखास विचारतो, "झालं ना सर?" झालेलं काहीच नसतं. डिस्कला वीज मिळाली, एवढंच.

हार्डवेअर रेडच्या सर्व्हरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमला दिसतं ते रेड कार्ड दाखवेल तेवढंच. रिकाम्या स्लॉटमधली कोरी डिस्क मेगारेड कार्डाच्या यादीत 'यूगुड' म्हणून येते. म्हणजे प्रकृतीने धडधाकट, पण बिनकामाची. तिला कोणत्या कामावर घ्यायचं, हे आपण सांगेपर्यंत ती नुसती फिरत राहते. मेलेली डिस्क काढून त्याच जागी नवी घातली, तर मात्र बहुतेक कार्डं आपणहून रिबिल्ड सुरू करतात. तिथे आपण फक्त टक्के मोजत बसायचं.

खरी कसोटी असते ती दुसऱ्या सर्व्हरमधून काढून आणलेल्या डिस्कची. "साहेब, फॉरमॅट मारलाय, कोरी आहे," असं सांगून ती हातात दिली जाते. पण ही कार्डं ॲरेची रचना डिस्कवरच लिहून ठेवतात, आणि तीही अगदी शेवटच्या टोकाला. सुरुवातीचं पार्टिशन टेबल कितीही पुसा, सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव तसंच राहतं. कार्ड ते वाचतं, डिस्कला 'फॉरेन' ठरवतं आणि विचारतं: इम्पोर्ट की क्लिअर? हे दोन पर्याय एकाच मेनूत शेजारी ठेवणाऱ्याला एकदा भेटायचंय मला.

कारण केबल सैल झाल्यामुळे ॲरेतून बाहेर पडलेली घरचीच डिस्कही परत आल्यावर 'फॉरेन' दिसू शकते. आणि सगळं फॉरेन एकदम साफ करण्याची सोयही तिथेच असते. पाहुणीला हाकलायला जावं आणि घरची बाहेर पडावी, असा प्रकार. म्हणून डिस्क आत घालण्याआधीच मी तिच्या लेबलवरचा सिरियल नंबर कागदावर उतरवतो आणि स्क्रीनवर तोच नंबर दिसेपर्यंत एंटरला हात लावत नाही. 'लोकेट' देऊन त्या स्लॉटचा दिवा लुकलुकवूनही बघतो. स्लॉटची मोजणी बहुधा शून्यापासून असते. तिसरी डिस्क म्हणजे २ नंबरचा स्लॉट, हे घाईत विसरतं माणूस.

बाकी पथ्यं छोटी आहेत. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. काही सेक्टरांनी लहान निघाली तरी कार्ड नाकारू शकतं. एकाच ॲरेत सास आणि साटा यांची सरमिसळ करू नये.

मात्र जागा कमी पडते म्हणून चालू रेड ५ मध्येच एक डिस्क वाढवायला मी सहसा तयार होत नाही. कार्डाला ते जमतं. पण त्यासाठी ॲरेवरचा सगळा डेटा आणि पॅरिटी नव्याने मांडावी लागते. ते काम मोठ्या डिस्कांवर दिवसेंदिवस चालतं आणि पुष्कळ कार्डांवर मध्येच थांबवताही येत नाही. त्यातून साध्या साटा डिस्कच्या माहितीपत्रकात १०च्या १४व्या घाताएवढ्या बिटांमागे एखादी न वाचता येणारी जागा गृहीत धरलेली असते. म्हणजे सुमारे साडेबारा टीबी. ४ टीबीच्या चार डिस्कांतली एक गेली, की रिबिल्डसाठी उरलेल्या तिघींचे १२ टीबी वाचावे लागतात. कागदावर दिसतं तितकं प्रत्यक्षात घडत नाही, पण पतसंस्थेचा डेटा त्या भरवशावर कोण सोडेल?

तेव्हा जागा संपत आली असेल, तर एक डिस्क मागवू नका, दोन मागवा. त्यांचा वेगळा रेड १ करा, वाढता डेटा तिकडे हलवा आणि जुन्या ॲरेला हात लावू नका. त्याआधी बॅकअप एकदा दुसऱ्या मशीनवर उतरवून, फाइली उघडून बघा.